शेजारच्या सीटसमोरचा क्लच

ज्यांना पटणार नाही, त्यांनी इथेच थांबावं. माझी काही हरकत नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तिने ते मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं, तर ती गॅसवरचं दूध बघायला उठली. गॅसवर दूध नव्हतंच.

आणि असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं समजणाऱ्यांनी जरा सावरून बसा. नोव्हेंबरमधला रविवार होता. भर दुपार. लख्ख ऊन. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर शे-दीडशे माणसं हजर होती.

मावशी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूल मूळचं मास्तरांचं. तिला गाडी शिकवली त्यांनीच, आणि थकल्यावर स्कूलही तिच्याच हाती दिलं. गेल्या वर्षी झोपेतच गेले बिचारे. त्यांची ती छोटी पांढरी गाडी मावशीकडे आली. शिकवणीच्या गाडीत असतात तसे तिच्यात शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक होते. दोन्हीकडची पेडलं दांड्याने जोडलेली. इकडचं दाबलं की तिकडचंही खाली जाणार.

मास्तर जन्मभर त्या शेजारच्या सीटवर बसले. त्यांच्यानंतर मावशी बसायला लागली. "माझ्या गाडीत बसलेला माणूस धडधाकट घरी पोचतो," हे ती कुणालाही छातीठोकपणे सांगायची. ते खरंही होतं. आजवर तिच्या एकाही विद्यार्थ्याला साधं खरचटलेलं नव्हतं.

अशा बाईला रेसच्या नादाला लावलं ते मामाने. मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, मेकॅनिक. त्या धावपट्टीवर रविवारी सरळ रेषेतल्या शर्यतींचा सराव चालायचा. आपली रोजची गाडी घेऊन कुणीही यावं. दोन गाड्या शेजारी उभ्या राहणार, खांबावर तीन पिवळे दिवे एकामागून एक लागणार, मग हिरवा, की सुटायचं. शेवटच्या रेघेपाशी पाटीवर वेळ झळकायची.

मावशीची वेळ बघून मामा पोट धरून हसायचा.

"ताई, तू शर्यतीत आहेस की भाजी आणायला निघालीयेस?"

"गप रे. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत नाव लागायला किती हवेत?"

"अठरा सेकंदांच्या आत. तुझे वीस होतायत. गाडी ठीक आहे, खोट तुझ्या पायात आहे."

मग त्याने समजावलं. हिरव्याची वाट बघायची नाही, शेवटचा पिवळा लागला की निघायचं. डोळ्यांनी हिरवा बघून पाय हलेपर्यंत उशीर झालेला असतो. क्लच एकदम सोडला तर चाकं जागीच फिरतात, फार सावकाश सोडला तर शेजारचा निघून जातो. मधली जागा पायाला सापडली पाहिजे.

"आणि रेघ ओलांडेपर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही! तू आधीच ब्रेककडे जातेस. शिकवणीची सवय तुझी."

मावशीला ते झोंबलं, कारण ते खरं होतं.

त्या रविवारीही पहिली फेरी नेहमीसारखीच गेली. वीसला जरासे कमी.

दुसऱ्या फेरीला ती रेघेवर उभी राहिली. गाडीत एकटीच. इथे शेजारी कुणाला बसू देतच नाहीत. पहिला पिवळा लागला. दुसरा...

तेवढ्यात शेजारच्या बाजूने आवाज आला.

बुटाचा तळवा रबरावर घासल्यासारखा.

तिसरा पिवळा! मावशी दचकली आणि तिचा पाय क्लचवरून निसटला. गाडी आता गचका खाऊन बंद पडणार, हे तिला कळलं होतं.

पडली नाही.

तिचा पाय हवेत होता... आणि क्लच अजून खालीच होता. मग तो आपणहून वर आला. एकाच लयीत, मध्ये किंचित थांबून. गाडी अशी सुटली की तिची पाठ सीटला चिकटली.

पाटीवर अठरा आणि वर थोडं.

"काय जादू केलीस गं?" मामा नाचायचाच बाकी होता.

तिने त्याला काही सांगितलं नाही. गाडी रांगेत लावली आणि ती शेजारच्या सीटकडे बघत बसली. सीट रिकामी. पायाशी दोन पेडलं. क्लच सोडताना मध्ये किंचित थांबणं... ही मास्तरांची लकब. चढावर गाडी मागे जायला लागली की ते असाच क्लच धरायचे आणि खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "तुझंच चाललंय, मी काही केलं नाही."

तिला भीती वाटली नाही. उलट रडू आलं.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही आहात ना?"

काहीच नाही. बाहेर गाड्यांचा गोंगाट. कुणीतरी हसलं.

मग... तिच्या तळव्याखालचा क्लच अलगद खाली गेला आणि वर आला.

एकदाच.

मावशीने डोळे पुसले. स्पर्धा, मामाचं हसणं, सगळं विसरून ती फक्त खुशीत होती. एवढ्या दिवसांनी कुणीतरी तिच्या शेजारी बसलं होतं.

तिसऱ्या फेरीला तिने पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवला. बाकीचं शेजारच्या त्या पायाने केलं. शेवटच्या पिवळ्याला गाडी उडाली. गिअर बदलताना क्लच तिच्या आधी खाली जात होता. तिने फक्त गिअरचा दांडा ढकलायचा. रेघ जवळ येताना सवयीने तिचा उजवा पाय उचलला जायला लागला. तिने दात-ओठ खाऊन तो तसाच दाबून धरला. रेघ मागे पडली. पाटीवर सतरा झळकले. मावशी मोठ्याने हसली आणि तिने ब्रेकवर पाय दिला.

ब्रेक खाली गेला नाही.

तिने पुन्हा दाबला. जोर लावला. पेडल दगडासारखं घट्ट. ब्रेक निकामी झाला की पेडल खाली बसतं, हे ती स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आलेली. हे तसं नव्हतं. शेजारच्या पेडलखाली कुणीतरी पाय घालून ते उचलून धरलं होतं.

"मास्तर, सोडा! मास्तर!"

धावपट्टी संपत आली. पुढे वाळूचा ढीग, त्यापलीकडे दगडी भिंत. तिने हँडब्रेक खेचला. गाडी आडवी झाली, घसरत गेली आणि वाळूत रुतली. भिंत हातभर लांब राहिली.

मामा धापा टाकत पोचला तेव्हा तिचा पाय अजून ब्रेकवर होता. तिने दाबून दाखवला.

लोण्यासारखा खाली गेला.

मामाने दोन्हीकडे हात घालून बघितलं. अडकलेलं काही नाही. "घाबरलीस तू. पाय भलतीकडे पडला असेल," तो म्हणाला.

मावशी गाडीतून उतरली आणि लांब जाऊन उभी राहिली. मास्तरांनी उभ्या जन्मात एकच काम केलं होतं. शेजारी बसून ब्रेक मारणं. कुत्रं आडवं आलं, पोरगं धावलं, विद्यार्थी गांगरला, की त्यांचा पाय आधी ब्रेकवर. मास्तर तिला भिंतीवर घालणार नाहीत. मरून गेले तरी नाहीत.

मग तिने ज्याला हाक मारली... ते कोण होतं?

तिला ओ कुणी दिली?

त्याच संध्याकाळी तिने मामाकडून शेजारची दोन्ही पेडलं काढून घेतली. दांड्यासकट. मामाने ब्रेक उघडून तपासले आणि आठवडाभर गाडी स्वतः चालवली. काही झालं नाही. त्याने तिची भरपूर थट्टा केली. शेवटी तिलाही वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकलं असेल.

तिच्याकडे एक नर्सबाई यायच्या. परवाना होता, पण सराव नव्हता. निघताना गाडी हमखास बंद पाडायच्या. मावशी म्हणाली, चला, एक चक्कर मारू. ती नेहमीच्या सीटवर बसली. पायाशी मोकळी जमीन. बाहेर सकाळची वर्दळ, शाळेला निघालेली मुलं.

नर्सबाईंनी गिअर टाकला आणि गाडी निघाली. गचका नाही, काही नाही. एकाच लयीत... मध्ये किंचित थांबून.

मावशीने पाय मागे ओढून घेतले.

नर्सबाई खूश. "ताई, तुम्हीच धरलात ना क्लच? माझा पाय तर कधीच निसटला होता."

मावशीने खाली पाहिलं. तिच्या पायाशी काहीच नव्हतं.

समोर चौक होता. मुलं रस्ता ओलांडत होती.

"हो, मीच धरला," मावशी म्हणाली. आवाज कसाबसा शांत ठेवून तिने हँडब्रेकला हात घातला. "आता ब्रेक दाबा बरं."

"दाबतेय की," नर्सबाई म्हणाल्या. "कधीची दाबतेय."