ओळखीचं घर

सोमवारी येतो म्हणाला आणि आठवडा उलटला तरी पत्ता नव्हता, याला काय म्हणायचं? माझी मुलगी म्हणायची, "काम निघालं असेल गं." असेल! निवडणुकीआधी दारोदार फिरून लोकांचा कल विचारणारा पोरगा तो. दुसऱ्याच्या पोटातलं काढायचं आणि आपलं पोटातच ठेवायचं, हे त्याचं काम.

पहिल्यांदा आला तेव्हा आमच्या शिलाईच्या दुकानात पडद्यांचा ढीग पडला होता. मला विचारलं, "काकू, मागच्या वेळी मत दिलंत त्या पक्षाच्या कामावर समाधानी आहात?"

"छे! रस्ता उखडून ठेवलाय, नळाला पाणी नाही. झोपलेत मेले."

"मग या वेळी मत कुणाला?"

"त्यांनाच."

त्याचं पेन थांबलं. मशीनवर बसलेली मुलगी फिसकन हसली. "आमची आई अशीच. उद्या त्यांनी घर पेटवलं तरी म्हणेल, थंडी होती म्हणून पेटवलं."

तो हसू दाबत होता. ती म्हणाली, "हसा की! तुम्ही कुणाला देणार?"

"आम्हाला आपलं मत सांगायची परवानगी नाही."

"कशाबद्दलच?"

"इथे तरी… कशाबद्दलच नाही."

पण नजर कापडावरून तिच्या बोटांवर, बोटांवरून वर… मी काय आंधळी आहे?

मग पुन्हा आला. माणसांचं मन बदलतं का हे बघायला तेच प्रश्न परत विचारतात म्हणे. माझं कुठलं बदलायला! बाईसाहेब मात्र मशीन उगाच हळू चालवत होत्या, त्याचा एक शब्द बुडू नये म्हणून.

आणि त्यानंतर हा गायब. ती सारखी दाराकडे बघायची, मी काही बोलले की त्याचीच बाजू घ्यायची. मला हसणारी ही! निघाली माझ्याच वळणावर. यजमान गेले तेव्हा त्या पक्षाचा एक माणूस दिवसभर आमच्या पायरीवर गप्प बसून होता. तेवढ्यावर मी आजवर त्यांना मत देत आलेय. असलं मन किती महागात पडतं, ते मला ठाऊक.

काल उगवला. हात रिकामे, चेहरा उतरलेला.

"काकू, तुमचं घर मी पाहणीतून काढायला लावलं."

"काय?" माझा पारा चढला. "माझं मत काय रस्त्यावर पडलंय?"

"तसं नाही… ओळखीच्या घरात विचारायचं नाही, असा नियम आहे."

"कसली ओळख? दोनदा तर आलास!"

"साहेबही तेच म्हणाले. मला खरं सांगावं लागलं, त्यातच उशीर झाला."

मशीन थांबली. "काय सांगितलंत?" तिने विचारलं.

तो तिच्याकडे वळला. "की त्या घरात मला प्रश्न सुचत नाहीत… तिथे एकजण मला फार आवडते."

ती कात्री शोधू लागली. कात्री तिच्या मांडीवरच होती.

"अगं, बोल काहीतरी," मी म्हटलं.

"काय बोलू? मी तर पहिल्याच दिवशी…" पुढचं तिने पडद्यातच लपवलं.

मी उठले, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "ऐक रे. आमच्या घरातल्या बायका काम बघून माणूस धरत नाहीत. एकदा धरला की धरला. तू उद्या नालायक निघालास तरी ही तुझीच बाजू घेईल, आणि मला ते बघवणार नाही. म्हणून आत्ताच सांगते — नालायक निघायचं नाही. बस आता, उभा का?"