थांब, आलोच

नऊ नोव्हेंबर, रविवार. दिवसभर कोरडी थंडी होती, वारा अजिबात नव्हता. रात्री पावणेअकराला शिंप्यांचा धाकटा वसतिगृहाच्या तळघरात, धुवायला टाकलेले कपडे आणायला निघाला. त्याचे वडील, म्हणजे शिंपी, आपल्या चांगल्या ओळखीचे. तेव्हा पोरांनो, ही गोष्ट सांगोवांगीची नाही.

एका सत्रापुरता तो परदेशातल्या विद्यापीठात शिकायला गेला होता. इथले काही तिकडे, तिकडचे काही इकडे, अशी अदलाबदल. त्याची निवड झाली तेव्हा थोरली बहीण म्हणाली होती, "जा तू. बाबांचं आणि काजा-बटणांचं मी बघते. तिकडे जाऊन शिष्ट होऊ नकोस म्हणजे झालं." आई लहानपणीच गेलेली. त्याला वाढवलं ते या ताईनेच.

सप्टेंबरच्या शेवटी ताई गेली. हा येईपर्यंत सगळं उरकणारच होतं, म्हणून वडिलांनी त्याला येऊ नको म्हटलं. ती झोपेतच गेली, असं सगळे धरून चालले. खरं काय ते एकट्या धाकट्याला ठाऊक होतं. त्या रात्री तिचा फोन आला होता. तिकडे रात्रीचे नऊ, इकडे मध्यरात्र उलटलेली. याच्या खोलीत मित्र जमले होते, हसणंखिदळणं चाललं होतं. ती म्हणाली, "अरे, छातीत जरा..." आणि हा म्हणाला, "थांब, आलोच."

आपण 'आलोच' म्हणतो ना, तेव्हा जागचे हललेलेही नसतो. त्याने फोन पालथा ठेवला आणि घोळक्यात जाऊन बसला. आठवण झाली तेव्हा पलीकडून कुणी बोलेना. झोपली असेल म्हणून त्याने फोन बंद केला.

वडील दर वेळी एकच विचारायचे, शेवटचं तुझ्याशी काही बोलली का रे. हा कानांवर हात ठेवायचा. फोन आलाच नव्हता म्हणायचा. एकदा खोटं बोलल्यावर खरं सांगणं दिवसेंदिवस जड होत गेलं.

तर त्या रविवारी जिन्यात त्याला खोलीतला सोबती भेटला. ताडासारखा उंच, म्हणून हा त्याला लंबू म्हणायचा. मराठीचा त्याला गंधही नाही. तो आपल्या भाषेत म्हणाला की खाली एक बाई बसलीय, तुमच्याकडचीच दिसते. काय हवंय विचारलं तर एकच शब्द म्हणते. अर्थ काय त्याचा?

"ताम्ब्लेय."

धाकट्याने तो शब्द मनातल्या मनात सरळ केला.

थांबलेय.

लंबू चेष्टा करतोय, असं त्याने स्वतःला बजावलं. पण त्याला हा शब्द शिकवला कुणी? तरी तो उतरला.

तळघरातला दिवा कुणी हललं की लागतो, हालचाल नसली की विझतो. त्याने दार उघडलं तेव्हा दिवा लागलेलाच होता. आत कुणी नव्हतं. यंत्रं बंद. साबणाचा वास. तो जागच्या जागी उभा राहिला.

दिवा विझला.

मग लागला.

तो हलला नव्हता.

"ताई...?"

काही नाही... बराच वेळ काहीच नाही... मग मागून, अगदी कानाशी. घरात कुणी झोपलेलं असताना बोलावं, तसा दबका आवाज.

"...दुखतंय रे. बाबांना उठवू का?"

तेवढंच सांगायचं राहिलं होतं तिचं.

वळून बघायचा धीर होईना.

"उठव," तो म्हणाला. "ताई, उठव त्यांना."

दिवा विझला.

अंधारात खिशातला फोन वाजला. वडील होते. इकडे पहाटेचे सव्वातीन.

"मला आत्ता कुणी उठवलं?" ते म्हणाले. "दाराला आतून कडी आहे..." मग अगदी हळू, "तिचा फोन आला होता ना तुला?"

"हो."

तिथेच जमिनीवर बसून त्याने सगळं सांगितलं. काहीही वगळलं नाही. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

जानेवारीत सत्र संपलं आणि तो घरी परतला. वडिलांनी दार उघडलं, त्याची बॅग आत घेतली. तो विषय दोघांनी पुन्हा काढला नाही.

शिंप्यांच्या उजव्या खांद्यावर चार बोटांचा पांढरा ठसा आहे. त्या पहाटेच्या आधी तो नव्हता.