खिडकीजवळची चौकट

टिटवाळा स्टेशनवरून टांग्याने निघालं की काळू नदीच्या अलीकडे, चढावर आमची शाळा लागायची. मतिमंद मुलांची निवासी शाळा. तेव्हा पाटीवर हाच शब्द होता. बैठी कौलारू इमारत, मागे स्वयंपाकघर, पुढे आवळ्याची झाडं. मी तिथे शहाऐंशी साली मुख्याध्यापिका म्हणून आले. माझं घर ठाण्याला, नौपाड्यात. पण रविवार सोडला तर मी शाळेतच राहत असे.

मूल अठरा वर्षांचं झालं की त्याला घरी पाठवायचं, असा संस्थेचा नियम होता. इतर मुलांच्या वाढदिवसाला स्वयंपाकघरात शिरा व्हायचा. अठराव्याला आम्ही करत नसू. मुलाला काय झालं ते कळायचं नाही, पण पत्र्याची ट्रंक बाहेर काढलेली दिसली की ते तिच्यावर बसून राहायचं. पुढे काय होई, ते ज्याच्या त्याच्या घरावर. ठाकुर्लीच्या एका खोलीत मी आमच्या शाळेतली जुनी मुलगी खाटेच्या पायाला बांधलेली पाहिली. घरचे लोक वाईट नव्हते. दोघंही कामाला जात.

त्यानंतर मी संस्थेच्या अण्णांच्या मागे लागले. अण्णा नौपाड्यातले निवृत्त वकील, शाळा त्यांनीच उभी केलेली. दोन वर्षं बैठका झाल्या आणि नव्वदच्या जूनमध्ये मोठ्या मुलांचा विभाग सुरू झाला. वयाची अट पंचविशीपर्यंत वाढली. आवारात नदीच्या बाजूला एक लांबट खोली बांधली, तिला मोठ्या खिडक्या ठेवल्या. तिथे काथ्याची पायपुसणी विणायला शिकवायचं ठरलं. शिकवायला रोझा टीचर होत्या. ठाण्याच्याच, उंच, मोजकं बोलणाऱ्या.

पहिल्या वर्षी सहा मुलं होती. त्यात सर्वांत मोठा गॅब्रिएल, नुकताच अठरा पूर्ण झालेला. त्याच्या भावाने त्याला न्यायला येण्याचा दिवससुद्धा ठरवला होता, तेवढ्यात हा विभाग निघाला. गॅब्रिएल गोल चेहऱ्याचा, हसरा. शब्द थोडे, पण नेमके वापरायचा.

विणायच्या लाकडी चौकटी आम्ही कल्याणहून करून आणल्या. एक जास्तीची होती. ती गॅब्रिएलने पहिल्याच दिवशी खिडकीजवळ नेऊन उभी केली, तिच्यासमोर स्टूल ठेवलं आणि तिथे कोणाला बसू देईना.

"कोणाची रे ही?" मी विचारलं.

"मोरूची."

शाळेत मोरू नावाचं कोणी नव्हतं. अशा मुलांना मनातले सोबती असतात, हे मला नवं नव्हतं. मी चौकट राहू दिली.

तीन-चार आठवड्यांनी रोझा टीचर माझ्या खोलीत आल्या. हातात चौकटीसकट अर्धवट विणलेलं पायपुसणं होतं.

"बाई, हे त्या खिडकीजवळच्या चौकटीवरचं."

"मग? कोणीतरी विणलं असेल."

"मी कोणाला तिथं बसताना बघितलं नाही. आणि हे बघा, याची गाठ उलटी आहे. डावखुऱ्या माणसाची. आपल्यात डावखुरं कोणी नाही."

मी त्यांना सांगितलं की मुलं वर्ग सुटल्यावर येत असतील. त्या दिवसापासून खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. सकाळी कुलूप काढताना मी आधी ती चौकट बघायची. रात्रीत एक दोराही वाढलेला नसे. दिवसा, वर्ग भरलेला असताना मात्र पायपुसणं वाढत होतं.

मग एक दिवस मी स्वतः जाऊन बसले. दुपारची वेळ, जेवणं झालेली. ओल्या काथ्याचा वास खोलीत भरून राहिला होता. मुलं खाली मान घालून विणत होती. नदीपलीकडून कोणाच्या तरी गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या. मी खिडकीजवळच्या चौकटीवरून नजर हलवायची नाही असं ठरवलं होतं, पण माणूस पापणी मिटतो, कोणी खोकलं की वळून बघतो. तेवढ्या वेळात काय होई कोण जाणे. गॅब्रिएल मधूनच भिजवलेल्या काथ्याचा पुंजका उचलून डावीकडे, त्या स्टुलाच्या दिशेने धरायचा. पुन्हा बघावं तर त्याचा हात रिकामा.

शेवटी मी उठून चौकटीजवळ गेले. अर्धी ओळ विणून झाली होती आणि दोराचं टोक स्टुलाकडे आलं होतं. सोडलेला दोर लोंबायला हवा. तो ताणलेला होता.

"बाई, सरका," गॅब्रिएल म्हणाला. "त्याला दिसत नाय."

मी सरकले.

त्या रविवारी मी अण्णांकडे गेले. चहा झाल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, "आपल्याकडे कधी मोरू नावाचा मुलगा होता का हो?"

अण्णांनी थोडा विचार केला. "होता की. डोंबिवलीच्या खाडीकडचा, कोळ्यांचा. तुमच्या आधीची गोष्ट. त्र्याऐंशीला गेला बघा घरी. शांत पोरगा. डावखुरा होता, पेटी छान वाजवायचा. का हो?"

गॅब्रिएल शाळेत सत्त्याऐंशीला आला होता. त्याने नाव कोणाकडून तरी ऐकलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण पुढच्याच आठवड्यात डोंबिवलीला उतरले आणि रिक्षाने पश्चिमेला, रेतीबंदराच्या अलीकडे गेले. तिथून चालत. वाटेवर सुकत घातलेले बोंबील, पलीकडे खाडीचं राखाडी पाणी. एका मुलीने घर दाखवलं.

मोरूची आई जनाबाई ओट्यावर कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती. मी शाळेतली म्हटल्यावर तिने हात पुसले आणि काही न विचारता मला आत नेलं.

मोरू भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. डोळे अर्धे मिटलेले. दोन्ही हात छातीसमोर हलत होते. डावा हात पुढे जायचा, वळण घ्यायचा, ओढून घट्ट करायचा. पुन्हा पुढे.

"जूनपासून असा हाय," जनाबाई म्हणाली. "न्याहारी झाली की बसतो. दुपार कलली की उठून पाणी मागतो. मग बरा असतो, हसतो बी. पन बाय, आता हाक मारली तं लवकर उठत नाय. परवा तं मी गदागदा हलवला. मना भ्या वाटला."

मी वाकून त्याची बोटं पाहिली. टोकांना बारीक, आडवे काप होते. काथ्या ओढून ओढून पडतात तसे. रोझा टीचरच्या हाताला होते, आमच्या सगळ्या मुलांच्या हाताला होते.

"घरात काथ्या आहे का?"

"काथ्या? नाय बाय. आमचा जाला नायलॉनचा. तो जाल्याला हात लावत नाय."

मग ती बोलत राहिली. शाळेतून घरी आल्यावर वर्षभर तो रोज सकाळी पिशवी घेऊन दारात उभा राहायचा. कोणी न्यायला यायचं नाही. ऊन चढलं की ती त्याला हाताला धरून आत आणायची. पुढे त्याने उभं राहायचं सोडलं. "मना वाटला, इसरला," ती म्हणाली.

मी निघाले तेव्हा तिने माझा हात धरला. "त्याला घेऊन जावा. नायतर एक दिवस उठायचाच नाय."

अण्णांना मी पायपुसण्याबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की आपला जुना विद्यार्थी आहे, तब्येत उतरत चालली आहे, त्याला परत घ्यावं.

"पंचविशी पूर्ण झाली असेल त्याची," अण्णा म्हणाले. "आणि एकाला दार उघडलं की बाकीचे येतील."

"येऊ देत."

"बाई, नियम आपणच केलाय ना?"

"म्हणूनच म्हणते. आपणच केलाय."

अण्णांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आणा त्याला."

नारळी पौर्णिमा झाल्यावर जनाबाईने मोरूला शाळेत आणलं. टांग्यातून उतरल्यावर तो थांबला नाही. ती नवी खोली त्याने कधी पाहिलेली नव्हती. तरी आवार ओलांडून सरळ तिच्यात शिरला, खिडकीजवळच्या स्टुलावर बसला आणि अर्धवट राहिलेली ओळ डाव्या हाताने पुढे विणू लागला. दारात उभ्या जनाबाईने डोळ्यांना पदर लावला.

रोझा टीचर म्हणाल्या, "गॅब्रिएल, मोरू आला बघ. गुड मॉर्निंग कर."

गॅब्रिएलने मानही वर केली नाही. "सकाळीच केलं."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. मोरू खाऊ-पिऊ लागला, अंगाने भरला. संध्याकाळी पेटी मिळाली की दोन-तीन सूर धरून बसायचा आणि बाकीची मुलं भोवती जमायची. त्याची पायपुसणी टिटवाळ्याच्या देवळाबाहेर विकली जायची. आणखी जुनी मुलं परत घ्यायला अण्णांनी स्वतःहून होकार दिला. ठाकुर्लीची मुलगीही आली. आपण काहीतरी चांगलं केलं असं मला वाटत होतं आणि ते खरंही होतं.

फक्त जनाबाई आली नाही. दर रविवारी येईन म्हणाली होती, पण गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीलाही तिचा पत्ता नव्हता. सुटीत मोरू शाळेतच राहिला. मला तिचा राग आला. एवढी माया होती, मुलगा एकदा मार्गी लागला आणि संपली? मार्गशीर्षातल्या एका सोमवारी, नौपाड्याहून शाळेत जाताना मी सकाळीच डोंबिवलीला उतरले.

जनाबाई घरात होती. आतून पाण्याचा आवाज येत होता. मला पाहून ती खुलली. तब्येतही सुधारलेली दिसली.

"जनाबाई, मोरू तुमची वाट बघतो. एकदाही आला नाहीत."

"मी कशाला येऊ?" ती नवलाने म्हणाली. "तो तं घरीच हाय की. तुमी नेलात तेच्या दुसऱ्या दिवसापासून येतो. सकाळी येतो, नायतर रातचा. शाला चुकवत नाय."

मी आतल्या बाजूला बघितलं.

"आता बी हाय. आंघोल घालतंय त्याला." तिने मूठ उघडून दाखवली. मुठीत नखांचे ओले तुकडे होते, जाड, मोठ्या माणसाचे. "तुमच्याकडं कापू देत नाय ना? माज्याशिवाय कोनाला कापू देत नाय तो."

ते खरं होतं. कात्री दिसली की मोरू किंचाळायचा. आम्ही नाद सोडला होता.

मोरीच्या आडभिंतीमागे कोणीतरी अंगावर तांब्या ओतून घेतला.

"मोरू, बाई आल्यात रे," जनाबाईने हाक दिली. मग माझ्याकडे वळली. "बघता?"

मी म्हटलं, मला गाडी गाठायची आहे.

कल्याणला गाडी उशिरा मिळाली. शाळेत पोचले तोवर मुलांची जेवणं उरकून वर्ग बसला होता. खोलीत नेहमीसारखी शांतता होती. मोरू खिडकीजवळ विणत होता.

"आज कुठे गेला होता का हा?" मी विचारलं.

"कुठे जाणार?" रोझा टीचर म्हणाल्या. "सकाळपासून इथंच आहे. आंघोळसुद्धा केली नाही, हट्ट धरून बसला."

मी त्याच्याजवळ गेले. त्याने माझ्याकडे बघून हसून मान हलवली. मी त्याचा डावा हात हातात घेतला.

नखं अगदी मांसापर्यंत नीट कापलेली होती. आणि बोटांची टोकं, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी, पांढरी पडून सुरकुतली होती.