सातव्या खांबाचा चुना

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. गवंडीमामा हयात आहेत, हवं तर त्यांनाच विचारा. फक्त जेवायच्या वेळी विचारू नका.

मंगळवार. भरदुपारचे साडेबारा. दीडशे वर्षांपूर्वीचा, चौदा कमानींचा रेल्वेपूल. सातव्या खांबाला परांची बांधून मामा दगडांमधल्या दरजा भरत होते.

बाकीचे खांब कबुतरांच्या विष्ठेने माखलेले.

हा मात्र स्वच्छ. एक पीसही नाही...

जुना चुना खरवडायचा, त्याच्याशी जुळणारा नवा भरायचा. चुना-वाळूचं प्रमाण कळावं म्हणून मामा जुन्याचा कण जिभेवर ठेवून बघत. इंजिनिअर बाई त्यावरून त्यांची नेहमी टर उडवायच्या. लॅबचा रिपोर्ट आठवड्याने येतो, जीभ लगेच सांगते, असं मामांचं ठरलेलं उत्तर.

छिन्नी आत गेली... आणि रुतली.

आतला चुना ओला होता. कोमट.

मामांनी सवयीने बोट जिभेला लावलं.

शिळी लाळ. दातांवरचं किटण. कुणाच्या तरी कधीच न धुतलेल्या तोंडाची चव.

ते परांचीवरूनच भडाभडा ओकले.

बाईंनी जुनी कागदपत्रं काढली. हा खांब बांधताना एकदा खचला होता. अकरा दिवसांत पुन्हा उभा केला. कामाच्या रोजनिशीत त्या अकरा दिवसांची पानंच नव्हती...

रात्री मामींनी ताट वाढलं. पहिल्या घासाला तीच चव. पाण्यालाही तीच. मामा पानावरून उठले.

दरज बुजवली की सुटेन, असं त्यांना वाटलं. बुधवारी नवा चुना ठासून भरला, थापीने घोटला, खूण म्हणून वर अंगठा उमटवला.

गुरुवारी पाहिलं...

अंगठा पुसला गेला होता. ओल्या चुन्यावर खालून वर एक रुंद, खरबरीत पट्टा. चाटल्यासारखा.

कुणाचा तरी ब्रश लागला असेल, बाई म्हणाल्या. मामांनी नुसतं बोट दाखवलं. दरजेतला चुना आतून बाहेर ढकलला गेला होता.

मामांनी ते काम सोडलं. दोन महिन्यांत अठरा किलो उतरले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मामी रोज घास भरवायच्या, रोज ओकारीची बादली धुवायच्या.

परवा मात्र मामांनी अख्खी पोळी खाल्ली. मामींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गेली ना एकदाची ती चव?"

मामांनी रिकामं ताट पुढे सरकवलं.

"नाही गं," ते म्हणाले. "तीच आहे... थोडी आणखी वाढ."