शोभेचा दांडा

माझा मूर्खपणा कधी एकटा येत नाही, जोडीदार घेऊन येतो. त्या वेळी तर मूर्खपणाचे दोन्ही उद्योग मी गॅरेजमध्ये उभं राहून, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत केले.

बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन पार संपलं होतं. आणि बाबा गेल्यापासून आई दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. आता घाटापलीकडे मावशीचं ऑपरेशन ठरलं, तरी हिचं एकच टुमणं. "येईन तर ह्यांच्या गाडीतून. नाहीतर तिला माझा नमस्कार सांग." मावशी तिची एकुलती एक बहीण. म्हणून मी त्या म्हाताऱ्या गाडीत नवीन इंजिन आणि पाच गिअरचा नवीन गिअरबॉक्स बसवून घेतला.

मिस्त्री म्हणाला, "ताई, नवा गिअर खाली आलाय, दोन सीटांच्या मध्ये. स्टिअरिंगजवळचा हा जुना गिअरचा दांडा आता काढून टाकतो."

"नको हो. राहू दे शोभेला."

लहानपणापासून त्या दांड्यावर बाबांचा हात बघितला होता. काढायला जीवच होईना. मिस्त्री गाडीखाली शिरला, दांड्याच्या सळ्या करवतीनं कापल्या आणि तुकडे माझ्या हातात दिले. "आता हा कशालाच जोडलेला नाही. पर्स अडकवा." हा पहिला मूर्खपणा.

दुसरा लगेच मागोमाग. "इंजिन तरणं बसवलंय, पण ब्रेक तुमच्या वयाचे आहेत. ते बदलल्याशिवाय घाट नको."

"माझ्या वयाचं काही इतक्यात बदलायला नको," मी म्हटलं. स्वतःच हसले. ब्रेकचं सामान यायला आठवडा लागणार होता आणि ऑपरेशन उद्यावर आलं होतं.

तर निघालो. आई मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घट्ट धरून. नवं इंजिन इतकं गुपचूप चालत होतं की आईच्या बांगड्या ऐकू यायच्या. चढ लागला. मी गिअर बदलायला हात खाली नेला, आणि त्याच्या अगदी जरासं आधी...

टक.

दांडा वर सरकला.

खड्डा असेल, म्हटलं. पुढच्या वळणावर पुन्हा. आधी दांडा, मग मी. जसं काही मी त्याची नक्कल करत होते.

"आई, तू पुढे हात घातलास का गं?"

"मी मागे बसलेय. माझे हात काय रबराचे आहेत?"

मी हसले. गाडीत हळूहळू एक वास पसरत होता. भिजलेला लोकरी कोट न वाळवता घडी करून ठेवावा, तसा. काचा बंद होत्या. डावीकडे, माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे, बघावंसं वाटेना. का ते सांगता येणार नाही. मान वळत नव्हती एवढं खरं.

माथ्यावर धुकं होतं. दुपारचे तीन, आणि बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. तिथून उतार सुरू झाला. तरण्या इंजिनला उतार म्हणजे काय विचारता... गाडी चौथ्यात पळायला लागली. मी ब्रेक दाबला. लागला. पुन्हा दाबला. जरा कमी लागला. तिसऱ्या वळणानंतर जळका वास आला, आणि चौथ्यानंतर पाय थेट खाली गेला. लोण्यात गेल्यासारखा.

"आई," मी म्हटलं, "नीट धरून बस."

"का?"

"उगीच."

हँडब्रेक ओढला. तो वर आला, अगदी सहज, रिकामा. समोर पांढरं. कठडा दिसायचा, नाहीसा व्हायचा. डोक्यात एकच येत होतं, दोन वर्षांनी तिला घराबाहेर काढलं ते ह्यासाठी.

टक.

दांडा जोरात वर गेला. जुन्या गाडीला तीनच गिअर होते. वर म्हणजे दुसरा.

नव्या गाड्या चालवून चालवून मी ब्रेकशिवाय काही जाणतच नव्हते; लहान गिअरात इंजिनच गाडी आवरतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. तो दांडा तिथे थरथरत होता, वर, वर, जणू कुणीतरी दाबूनच धरलाय. मी सीटांमधला नवा गिअर चौथ्यातून तिसऱ्यात ओढला. इंजिन किंचाळलं. तिसऱ्यातून दुसऱ्यात. आईची पिशवी माझ्या सीटच्या पाठीवर येऊन आदळली. वेग मोडला. मग दांडा माझ्याकडे वळून सावकाश खाली आला, पहिल्यात, आणि मीही पहिला टाकला. वळणावर वाळूचा ढीग दिसला. त्यात चाक घातलं. गाडी थांबली.

धातू थंड होताना टिकटिक होत होती, तेवढाच आवाज. वास मात्र गेला नव्हता.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागले. चाळिशी उलटलेली बाई, पण हुंदके पाच वर्षांच्या पोरीचे.

"आई... बाबा होते गं. बाबांनी वाचवलं आपल्याला."

आईनं पिशवीतून सांडलेलं एकेक उचलून परत भरलं. चष्मा, गोळ्या, मावशीसाठी घेतलेला टॉवेल.

"तुझे बाबा? उतार लागला की ते गाडी न्यूट्रल करून सोडायचे. पेट्रोल वाचतं म्हणे. तीस वर्षं भांडले मी त्यावरून. उतारावर दुसरा गिअर त्यांनी जन्मात टाकला नाही."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. मान अजूनही डावीकडे वळत नव्हती.

"मग... मग कोण?"

"मला काय विचारतेस?" आई पिशवीची चेन लावत म्हणाली. "पुढे बसलेत ना ते, उतरले की तूच विचार."