चवळीच्या तीन डब्यांची साक्ष

"आधी फोटो काढ," रश्मी म्हणाली, "मग हात लाव."

शेफालीने खाली वाकून मोबाईलवर फोटो काढला. टोमॅटोचे शेंडे ओला टॉवेल पिळावा तसे पिळून गेले होते. मिरचीची तीच गत, दोडक्याच्या वेलाचीही तीच. रविवारी, बुद्धपौर्णिमेला, सगळे भोरला आजोळी गेले, तेव्हा हेच परडं हिरवंगार होतं. मंगळवारी संध्याकाळी परतले आणि पाहतात तर ही दशा.

वरवे बुद्रुकमधल्या त्यांच्या घरामागे माती कसली, नुसता मुरूम! कुदळ मारली की हाताला झिणझिण्या. म्हणून संघपालने, म्हणजे रश्मीच्या पप्पांनी, विटा रचून गुडघाभर उंचीचे वाफे बांधले होते आणि त्यांत गाळाची माती नि शेणखत भरलं होतं. शिवाय अर्धे कापलेले ड्रम, रंगाचे रिकामे डबे, एक फुटकी बादली. रश्मी, तिचा धाकटा भाऊ प्रेम आणि सुट्टीला पुण्याहून आलेली मावसबहीण शेफाली या तिघांनी महिनाभर त्या वाफ्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं होतं.

पण नुसती रोपं गेली असती, तर पुन्हा लावता आली असती. बिघडलं होतं ते वेगळंच.

त्या दोन दिवसांत पाणी घालायचं काम कुंपणापलीकडच्या सरूबाईंकडे होतं. वय सत्तरीपार, घरात एकट्या. वाफे पाहून पप्पांनी विचारलं, "कुणी काय केलं हे?" आणि रश्मी पटकन बोलून गेली, "सरूआजींनी सगळ्यात चुलीतली राख घातलीय वाटतं." राख दिसतच होती. खोटं काही नव्हतं. पण संघपालचा स्वभाव म्हणजे आधी बोलायचं, मग विचार करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या नळावर, आठ-दहा बायांच्या देखत, त्याने म्हाताऱ्या बाईला सुनावलं, "आमची चार पानं हिरवी झाल्याली बघवली न्हाईत व्हय तुमाला?"

 सरूबाई अर्धा भरलेला हंडा उचलून घरी गेल्या.

रश्मीच्या आईने, वनिताने, त्या दिवशी चूलच पेटवली नाही. ती पोरांना जवळ घेऊन म्हणाली, "तुमाला ठाऊक न्हाई. मी नवी नवरी हुते, तवा त्यांच्या भावकीतलं कुणी आपल्या घरचं पाणीसुदिक पीत नव्हतं. सरूआत्याच पयल्या आल्या, हितं बसल्या, च्या पिऊन गेल्या. त्यांच्या घरात त्यावरनं लई बोलणी खाल्ली त्यांनी."

आणि आता सरूबाईंच्या पुतण्याला, बाजीरावाला, आयतंच कोलीत मिळालं. शेजारच्याच घरात राहणारा तो अंगणातून ओरडून ऐकवू लागला, की रोज तिकडं राबायला जात होतीस ना, मिळालं का बक्षीस? दुपारपर्यंत बातमी आलीच. येत्या रविवारी नऊच्या एसटीने सरूबाई शिरवळला लेकीकडे निघाल्या होत्या, कायमच्या.

रश्मी परड्यात जाऊन रडत बसली. पहिलं तोंड तिनेच उघडलं होतं.

"रडून काय होणार?" शेफाली म्हणाली. "राखेनं झालंय की नाही, ते तरी बघू."

तिघांनी प्रत्येक वाफा, प्रत्येक डबा तपासला. कांद्याची पात ताठ उभी होती. मकाही मजेत होता. आणि पत्र्याखालच्या फुटक्या बादलीतलं वांगं? त्याच्या बुडाशी तर सगळ्यात जास्त राख होती, तरी ते तुकतुकीत! म्हणजे राख सुटली. मग वांग्याला न मिळालेलं आणि बाकीच्यांना मिळालेलं असं होतं तरी काय?

डोकं खाजवत प्रेम म्हणाला, "ताक."

भोरला निघायच्या आदल्या संध्याकाळी पप्पांनी पानांवर भुरी रोग पडू नये म्हणून आंबट ताक पाण्यात मिसळून पाठीवरच्या पंपाने फवारलं होतं. शेवटी ताक संपलं आणि पत्र्याखालचं वांगं राहून गेलं. पण ताक तर ते दर पंधरवड्याला मारायचे. आजवर एक पान वाकडं झालं नव्हतं.

"मग पंप," रश्मी हळूच म्हणाली.  पंप त्यांचाच होता, पण गावात पंप एका घरचा थोडाच असतो! मागेल त्याने न्यायचा, वापरायचा आणि खळबळून परत द्यायचा, अशी चालच होती. गेल्या आठवड्यात तो बाजीरावाने उसाला फवारायला नेला होता. परत देताना म्हणाला होता, "दोनदा धुतलाय."

नुसत्या संशयावर कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे रश्मी एव्हाना शिकली होती. दह्याच्या तीन डब्यांत चवळीची बोटभर रोपं तयार होती. एकीला राख घातली. दुसरीवर हाताने ताक शिंपडलं. तिसरीवर पंपात निव्वळ नळाचं पाणी भरून ते फवारलं. शेफालीने डब्यांवर आकडे टाकले आणि रोज सकाळी फोटो काढायचे ठरवले.

गुरुवारी काही नाही. शुक्रवारी तिसऱ्या डब्यातल्या चवळीने मान जरा कलती केली. शनिवारी सकाळी ती पार पिळवटून गेली होती. पहिल्या दोघी ताठ!

रश्मी तिन्ही डबे घेऊन पप्पांकडे धावली. संघपालने डब्यांकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. पोरांनी मोठ्यांच्या भानगडीत पडू नये, एवढंच तो म्हणाला. बाजीरावाला विचारा की, असं रश्मीने म्हटल्यावर तो चिडला. बाजीराव कशाला कबूल होतोय, आणि उगाच दोन घरांत हाणामारी. खरं म्हणजे त्याला कळलं होतं. नळावर बोललेलं परत कसं घ्यायचं, हे त्याला कळत नव्हतं.

रविवारी साडेआठला सरूबाईंच्या दारात पिशव्या आल्या. निरोपाला आळीतल्या बाया जमल्या. वनिता पदराने डोळे पुसत होती. संघपाल लांब, लिंबाखाली उभा होता. बाजीरावाच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडले होते, येत्या पावसात लावायला दोन हजार रोपं. तो त्यांच्या राखणीलाच बसला होता.

तेवढ्यात पंप पाठीला लावून रश्मी आली.  मागे प्रेम आणि शेफाली.

"बाजीरावकाका," ती मोठ्याने म्हणाली, "रोपं उन्हानं मलूल झालीत. पाणी मारून देऊ का? पंपात नुसतं पाणी आहे, आत्ताच भरलंय." आणि तिने नळी ट्रेकडे वळवली.

बाजीराव ताडकन उठला. "ए पोरी, थांब! त्या पंपानं नको! सगळी रोपं वाकडी करतीस काय? त्यात तणनाशक हुतं!"

रश्मीने नळी खाली केली.

"पण तुम्ही तर दोनदा धुतलाय म्हणाला होता," रश्मी म्हणाली.

बाजीराव चाचरला. पाण्यानं धुतला हुता की, म्हणाला. रुंद पानांच्या तणावरचं औषध ते, पाण्यानं जात न्हाई, साबणानं तीनदा धुवावं लागतं. उसाला, मक्याला काय हुत न्हाई त्यानं. भाजीवर मारणार हाईत, हे मला काय ठावं? बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं, की आपण काय कबूल करून बसलो. शेफालीने गपचूप तिन्ही डबे पायरीवर मांडले. बायांनी एकेक डबा उचलून पाहिला आणि मग सगळ्या बाजीरावाकडे पाहू लागल्या. त्याने मान खाली घातली.

संघपाल लिंबाखालून आला. सरूबाईंसमोर उभा राहिला. "आत्या, चुकलं माझं," तो पुटपुटला.

सरूबाईंनी पिशवीचे बंद सावरले. "हितं नगं," त्या म्हणाल्या. "बोलला हुतास तिथं म्हण."

गर्दी नळाकडे निघाली; पिशव्या बायांनी घेतल्या आणि सरूबाईंच्या ओट्यावरचा हंडा वनिताने कमरेवर घेतला. पाणी भरायला आणखी बाया आल्या होत्या. संघपालने सगळ्यांच्या देखत हात जोडले आणि मोठ्याने सांगितलं, की सरूआत्यांनी काही केलं नव्हतं, माझ्या पंपानं रोपं गेली आणि मी न विचारता त्यांना बोललो. असा खाली मान घातलेला बाप रश्मीने कधी पाहिला नव्हता. तिला रडू फुटलं. तरी ती पुढे झाली.

"राखेचं पहिलं मीच बोलले होते, आजी," ती म्हणाली.

सरूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. खालच्या रस्त्याने नऊची एसटी हॉर्न देत निघून गेली. त्या तिकडे वळल्याही नाहीत.

"तू बोललीस एक, आन् निस्तारलंस चार दिस," त्या म्हणाल्या. मग बायांकडे वळून म्हणाल्या, "लई गुणाची हाईत ही पोरं. समद्यांनी ध्यानात ठेवा."

संघपालने त्यांच्या पिशव्या परत घराकडे न्यायला उचलल्या. बाजीराव मागून आला आणि त्याने एक पिशवी आपल्या हातात घेतली. सरूबाईंनी मात्र वनिताकडून आपला हंडा घेऊन नळाखाली लावला आणि तो काठोकाठ भरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.