डाव्या खांद्याचा उतार

मास्तरीण त्या दिवशी घरून निघाली ती फक्त कागद आणायला. खरं तर ती कुणाची मास्तरीण नव्हती. कधीकाळी दोन वर्षं शिवणवर्गात शिकवलं होतं, तेव्हा चिकटलेलं नाव ते. आता तिने आणि तिच्या मावसबहिणीने मिळून जुन्या धाटणीचे कपडे नव्याने शिवून ऑनलाइन विकायचा उद्योग मांडला होता. मास्तरीण बेतायची, शिवायची. बहीण ते अंगात घालून, कॅमेऱ्याला टायमर लावून स्वतःचे फोटो काढायची आणि गिऱ्हाइकांशी तासन्‌तास बोलायची. तिच्या तोंडाला खळ नसे, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवरची एक लांबोडी खोली, दोन मशिनं आणि खिडकीपाशी पांढरा पडदा, एवढाच पसारा.

एक म्हातारा शिंपी वारला होता. कापडावर ठेवून कापायचे त्याचे जुने कागदी खाके त्याच्या मुलीने काढून ठेवले होते. पन्नाशीच्या त्या बाई दारातच गठ्ठा देत म्हणाल्या, "न्या गं. बाबांचा हात कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

गठ्ठ्यात एक फ्रॉकचा खाका होता. उंच गळा, लांब बाह्या, घेरदार. मास्तरीण बघतच राहिली. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, 'डावा खांदा अर्धा इंच उतरता.' कुण्या एकाच बाईच्या अंगाचं माप होतं ते. मास्तरणीने दोन्ही खांदे सारखे करून घेतले आणि हिरव्या कापडाचा पहिला फ्रॉक शिवला.

फोटो बघताना चिमणी म्हणाली, "अगं, हा डावीकडे ओघळतोय."

"नीट उभी राहा म्हणजे ओघळणार नाही."

ती ताठ उभी राहिली, तरी फोटोत डावा खांदा खालीच. मास्तरणीने फ्रॉक टेबलावर पसरून मोजला. दोन्ही खांदे सारखे भरले. चिमणीच्या अंगात गेला की पुन्हा उतार.

तरीही फ्रॉक आवडला लोकांना. पहिल्याच आठवड्यात सात गेले, वेगवेगळ्या मापांचे. मग गिऱ्हाइकांचे फोटो यायला लागले. कुणी जाड, कुणी शिडशिडीत, पण प्रत्येकीचं म्हणणं एकच, 'जणू माझ्यासाठीच बेतलाय.' एका दुपारी मास्तरणीने ते फोटो एकाखाली एक लावून पाहिले. सातही जणींचा डावा खांदा उतरलेला. सातही जणींची मान किंचित वळलेली, मागे उभं राहून कुणी हळूच काही सांगत असावं तशी.

"चिमणे, हे बघ जरा."

उत्तर नाही. खोलीत चिमणी असूनही इतकी शांतता... मास्तरणीच्या तेव्हाच लक्षात आलं की दोन दिवसांत चिमणी फारशी बोललीच नव्हती. आणि दोन दिवस तिने तो हिरवा फ्रॉक उतरवला नव्हता.

पडद्यामागून कुजबुज आली. खोलीत कापूर आणि ओल्या लोकरीचा वास भरला होता.

"कुणाशी बोलतेस?"

"ती विचारतेय..." चिमणीचा आवाज अगदी खाली होता. "किती जणींच्या अंगावर आहे आता. मी म्हटलं, आठ."

"कोण विचारतेय?"

"ती म्हणते... एवढ्या जणींना मिळाला, मग मलाच का नाही?"

मास्तरणीने पडदा ओढला. चिमणी आरशासमोर एकटी उभी होती. बटणं निघेनात. कापड अंगाला कातडीसारखं बसलं होतं. मास्तरणीने कात्री घातली आणि गळ्यापासून घेरापर्यंत फ्रॉक उभा कापला. तो गळून पडला तशी चिमणी मटकन खाली बसली, लहान पोरीसारखी रडायला लागली. तिच्या डाव्या खांद्यावर पांढऱ्या खडूची खूण होती, शिंपी करतात तशी फुली.

त्याच पावली मास्तरीण शिंप्याच्या मुलीकडे गेली. खाका बघून बाईंचा चेहरा उतरला.

"हा यात कसा आला? आईचं माप आहे हे. मी सहा वर्षांची होते. आई अंथरुणाला खिळलेली. बाबा तिच्यासाठी फ्रॉक शिवणार होते, पण गिऱ्हाइकांचं काम आधी. रोज विचारायची, झाला का हो माझा? ती गेली तेव्हा कापडसुद्धा कापलेलं नव्हतं."

मास्तरीण खाका घेऊन निघाली. परत आली, मशिनवर बसली आणि बाईंच्या आईच्या मापाचा फ्रॉक शिवला, अर्ध्या इंचाच्या उतारासह, एक टाका इकडचा तिकडे न करता. दुसऱ्या दिवशी तो आणि खाका बाईंच्या हातात दिला. बाईंनी फ्रॉक छातीशी धरला. 

त्या दिवसापासून चिमणीचा खांदा सरळ झाला आणि तोंडही पूर्ववत सुरू झालं. 'शिलाईत चूक राहिली' असं सांगून दोघींनी सातही फ्रॉक परत मागवले, बदल्यात दुसरे पाठवले. सहा आले. सातवीचं काही उत्तर येईना. ती कॉलेजात शिकणारी मुलगी होती, एकोणीस वर्षांची. हॉस्टेलचा पत्ता होता.

तिचं पार्सल आलं ते तिला फ्रॉक पाठवल्यापासून तेविसाव्या दिवशी.

चिमणीने ते उघडलं आणि बोलता बोलता थांबली. फ्रॉक त्यांचाच होता, टाके मास्तरणीचेच. पण हिरवा रंग विटून राखाडी झाला होता. कोपरं झिजून विरली होती. त्यांवर रफू केलेलं, त्या रफूवर पुन्हा रफू. घेराची पट्टी तीनदा उसवून तीनदा दुमडल्याच्या खुणा दिसत होत्या.

आत एक चिठ्ठी होती, खाली सही त्याच मुलीची. अक्षर थरथरतं, रेघ सोडून खाली उतरत गेलेलं.

'उशीर झाला, बाळांनो. इतकी वर्षं अंगात होता, सोडवेना.'